मुंबईचं मोठं हॉटेल निवडताना



या वेळचं पत्र लोट्याहून आलं आहे. रत्नागिरी जिल्ह्यात, खेड आणि चिपळूणच्या मध्ये, मुंबई-गोवा महामार्गावर हे गाव आहे. औद्योगिक वसाहतीमुळे नाव तुमच्या कानावर असेलच. पत्र लिहिणाऱ्या ताईंचे यजमान तिथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झाले. सगळा जन्म पाळ्यांमध्ये गेला. पहिल्या पाळीला कंपनीची बस पहाटे यायची, म्हणून ताई साडेचारला उठून डबा करायच्या. रात्रपाळी असली की सकाळी घरात आवाज नको म्हणून मुलांना अंगणात अभ्यासाला बसवायच्या. आता लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला मुलानं आणि सुनेनं हातात पाकीट ठेवलं, "मुंबईला जाऊन एखाद्या पंचतारांकित हॉटेलात राहून या. हे पैसे दुसऱ्या कशालाही खर्च करायचे नाहीत."

ताई लिहितात, "आनंद झाला, पण त्याहून धास्तीच जास्त वाटली. कुठलं हॉटेल घ्यावं ते कळत नाही. तिथे आपलं हसं झालं तर? शिवाय डोंबिवलीला सख्ख्या नणंदबाई असताना आम्ही हॉटेलात उतरलो हे कळलं, तर जन्मभर ऐकावं लागेल."

अशी पाकिटं हल्ली बऱ्याच घरांत येतात. मुलं मिळवती झाली आहेत, त्यांना हौस आहे. म्हणून ताईंना दिलेलं उत्तर सगळ्यांसाठीच लिहिते आहे.

आधी घ्यायचं काय ते ठरवा

साडी घ्यायला गेलं की आपण आधी ठरवतो, रोजची हवी की लग्नाची. हॉटेलचंही तसंच. मुलं विचारतात, पोहण्याचा तलाव आहे का, व्यायामशाळा आहे का. पोहायचंच नसेल तर त्या तलावाचे पैसे आपण कशाला मोजायचे?

माझं मत विचाराल तर आपल्यासारख्या बाईनं तिथे एकच वस्तू विकत घ्यायची असते, आणि ती म्हणजे सकाळ. जरा आठवून पाहा. लग्नानंतर एखादी तरी सकाळ पूर्ण तुमची होती का? माहेरी गेलात तरी आईचा हात दुखतो म्हणून तुम्हीच ओट्याशी. गणपतीत तर विचारायलाच नको. नणंदेकडे पाहुण्या म्हणून गेलात तरी उठल्या उठल्या "वन्सं, मी कणीक मळते" म्हणावंच लागतं, आणि त्यात वावगंही काही नाही. पण उठायची घाई नाही, दूध उतू जाण्याची चिंता नाही, कुणीतरी चहा आणून देतंय आणि कप विसळायलाही उठायचं नाही, अशी सकाळ मोठ्या हॉटेलात पैसे देऊन मिळते. तेव्हा तारे मोजण्याआधी बघायचं ते हे की त्या हॉटेलात आपली सकाळ कशी जाईल. खिडकीतून काय दिसेल, न्याहारी दरात धरली आहे का, खोली किती वाजता सोडावी लागेल, हे तीन प्रश्न त्यातूनच निघतात.

भाग कुठला?

मुंबईतली मोठी हॉटेलं ढोबळमानाने चार-पाच भागांत आहेत, आणि भाग चुकला तर हॉटेल कितीही चांगलं असून उपयोग नाही.

पहिला भाग कुलाब्याचा. तिथलं ताजमहाल हॉटेल आपण सगळ्यांनी बाहेरून पाहिलेलं असतं. जमशेटजी टाटांनी बांधलेलं हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं. समोरचं गेटवे ऑफ इंडिया १९२४ साली खुलं झालं, म्हणजे हॉटेल गेटवेपेक्षा एकवीस वर्षांनी थोरलं. त्याचा आराखडा करणाऱ्यांमध्ये रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य हे आपले मराठी स्थापत्यकार होते. काम पुरं होण्याआधीच ते वारले, आणि चेंबर्स नावाच्या इंग्रज स्थापत्यकारानं ते तडीस नेलं. पहिल्या महायुद्धात याच वास्तूत सहाशे खाटांचं इस्पितळ होतं. २००८ च्या नोव्हेंबरातला हल्ला तर आपण सगळ्यांनी दूरचित्रवाणीवर जीव मुठीत धरून पाहिला. जळालेला जुना भाग दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी पुन्हा उघडला.

या हॉटेलाचे दोन भाग आहेत, जुना घुमटाचा महाल आणि शेजारचा उंच टॉवर. टॉवर बऱ्याच नंतरचा, १९७० च्या दशकातला. दोन्हींचे दर निराळे असतात. मुलं "ताजमध्ये खोली घेतली" म्हणाली तर जुन्यात की टॉवरमध्ये, हे विचारून घ्या. जुन्या जिन्याची आणि कमानींच्या ओवरीची हौस असेल आणि खोली टॉवरमध्ये निघाली, तर मन खट्टू होतं.

दुसरा भाग नरिमन पॉइंटचा. तिथे ओबेरॉय आणि ट्रायडंट अशी दोन हॉटेलं एकमेकांना लागून आहेत. आता एक बारकावा सांगते, तो जाहिरातीत नसतो. कुलाब्याच्या ताजसमोरचं बंदर पूर्वेला आहे, तिथे समुद्रावर सूर्य उगवतो. मरीन ड्राइव्हचा समुद्र पश्चिमेला, तिथे सूर्य मावळतो. "समुद्राकडची खोली" दोन्हीकडे मिळते, पण एकीकडे तुम्ही पहाट विकत घेता आणि दुसरीकडे संध्याकाळ. जन्मभर पहाटे उठलेल्या बाईला उजाडताना डोळा उघडतोच. तिला कुलाब्याची खिडकी जास्त लाभेल. ज्यांना उशिरा उठून संध्याकाळी दिवे लागताना बघत बसायचं आहे, त्यांनी नरिमन पॉइंट घ्यावा.

तुम्ही म्हणाल, समुद्र तर आपल्याकडे दापोली-गुहागरला फुकट आहे! खरं आहे. समुद्राच्या खोलीला शहराच्या बाजूच्या खोलीपेक्षा पुष्कळ जास्त पैसे पडतात, आणि ज्यांना समुद्र रोजचाच, त्यांनी तेवढे वाचवून न्याहारीला लावले तरी शहाणपणाचंच. दिवसभर बाहेरच फिरायचं असेल तर खिडकीला मोल देऊ नका.

तिसरा भाग जुहू-वांद्र्याचा. जुहूला अगदी वाळूला लागून हॉटेलं आहेत, पृथ्वी थिएटर जवळ आहे. वांद्र्याला बँडस्टँडच्या टोकाशी ताज लँड्स एंड आहे. ज्यांची मुलं-नातवंडं अंधेरी-गोरेगावकडे राहतात त्यांना हा भाग सोयीचा. मात्र म्युझियम, गेटवे, फोर्ट हे सगळं बघायचं मनात असेल, तर निम्मा दिवस टॅक्सीत जाईल.

चौथा भाग विमानतळाचा आणि वांद्रे-कुर्ला संकुलाचा. सहारला आयटीसी मराठा आणि लीला ही मोठी नावं. हॉटेलं उत्तम, पण त्यांचं गिऱ्हाईक मुख्यतः कामानिमित्त येणारं. म्हणूनच शनिवारी-रविवारी तिथले दर पुष्कळदा उतरतात, उलट समुद्राकाठच्या हॉटेलांचे त्याच दिवशी चढतात. दुबईला मुलीकडे निघालात आणि पहाटेचं विमान असेल, तर ही जागा नेमकी. नुसतं राहायला मात्र तिथे जाऊ नये, बाहेर पाय टाकावा असं जवळपास फारसं काही नाही.

आणि पाचवा भाग परळचा. इथे मला जरा थांबावंसं वाटतं. आपल्या कोकणातल्या घराघरातला कुणीतरी गिरणीत होता. एका खोलीत दहा-बारा जण, पाळीप्रमाणे झोपायचं आणि खाणावळीत जेवायचं. त्यांना जेवू घालणाऱ्याही आपल्याच बायका. त्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, गिरण्यांचे भोंगे थांबले, आणि आज लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या आवारात सेंट रेजिस नावाचं उंचच उंच हॉटेल उभं आहे. कुणाला तिथे राहवणार नाही, कुणाला मुद्दाम राहावंसं वाटेल. "माझे सासरे इथे साच्यावर उभे असत, मी इथे चहा पिते आहे," असं म्हणण्यातही एक मान आहे. ज्याचं त्यानं ठरवावं. दादर स्टेशन तिथून जवळ आहे, ही सोय वेगळीच.

गाडीची वेळ आणि वन्सं

हॉटेलची खोली दुपारी दोन-तीनला मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकरा-बाराला सोडावी लागते. हा नियम जवळजवळ सगळीकडचा. आता आपल्या कोकण रेल्वेच्या गाड्या बघा. मांडवी दिवसा निघते आणि मुंबईला रात्री पोचते. खेडला थांबणारी वंदे भारत २०२३ च्या जूनपासून सुरू झाली, तीही रात्रीच पोचवते. म्हणजे खोलीचे पूर्ण पैसे देऊन हातात फक्त झोप. कोकणकन्या रात्रीची असते, ती मुंबईत भल्या पहाटे सोडते, तेव्हा खोली मिळायला आठ-नऊ तास असतात. आंबलेल्या अंगानं, पिशव्या सांभाळत हॉटेलच्या दिवाणखान्यात बसून राहायचं. आपल्या आवडत्या सकाळीचा पहिला बळी असा जातो.

यावरचा उपाय ताईंच्या पत्रातच आहे. डोंबिवलीच्या वन्सं! कोकणकन्या पहाटे ठाण्याला थांबते. तिथून लोकलने डोंबिवली किती लांब? सरळ त्यांच्याकडे जा. अंघोळ करा, कुळीथ, कोकम, मोसम असेल तर आंब्याची पेटी त्यांच्या हातात द्या, पोटभर गप्पा मारा, दुपारचं जेवण त्यांच्या हातचं जेवा. गर्दी ओसरल्यावर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची गाडी पकडून, पुढे टॅक्सीनं तीनच्या सुमाराला हॉटेलात.

आणि हे सगळं आधी फोन करून, मोकळेपणानं सांगा, "वन्सं, मुलांनी हौसेनं एका रात्रीचं हॉटेल दिलंय. आधी तुमच्याकडे येतो. दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही दोघं तिकडे चहाला या." लपवलेली गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून कळली की राग येतो. चहाला बोलावलेल्या माणसाला राग धरता येत नाही! कुलाब्याच्या ताजमध्ये पहिल्या मजल्यावर सी लाउंज म्हणून जागा आहे, तिथे समुद्राकडे बघत चहा मिळतो. मुंबईतल्या कितीतरी घरांचे बघण्याचे कार्यक्रम तिथे झाले म्हणतात. तिथे राहत नसलं तरी चहाला जाता येतं. मात्र टेबल आधी सांगून ठेवावं आणि दर विचारून घ्यावा, कारण तो आपल्या चहाचा नसतो.

परतीला तुतारी दादरहून मध्यरात्री, बारा वाजून गेल्यावर सुटते आणि पहाटेच्या सुमाराला खेड-चिपळूणला आणते. इथे एक खाचखळगा आहे. गाडी बारानंतर सुटते, म्हणून तिकिटावर पुढची तारीख लागते. शनिवारी रात्री निघायचं तर तिकीट रविवारचं हवं. यात भले भले फसतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक निराळं असतं, हेही तिकीट काढण्याआधी बघून घ्या.

तारे कुणी दिले?

पंचतारांकित म्हणजे काय, तर केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाची एक समिती हॉटेलची तपासणी करून एक ते पाच तारे देते. त्यावर "फाइव्ह स्टार डिलक्स" हा आणखी एक वर्ग आहे. जुन्या वाड्या-महालांच्या हॉटेलांसाठी हेरिटेजचे वेगळे वर्ग आहेत. ही मान्यता पाच वर्षांची असते, मग पुन्हा तपासणी. पण ही तपासणी करून घेणं सक्तीचं नाही. मोबाइलवर खोल्या विकणाऱ्या कंपन्या जे तारे दाखवतात ते बहुधा त्यांचे स्वतःचे असतात, आणि गिऱ्हाइकांनी दिलेले गुण ही तिसरीच गोष्ट. तीन वेगवेगळ्या सासूबाईंनी सुनेला दिलेले गुण एकत्र करण्यासारखंच ते!

तेव्हा ताऱ्यांवर न जाता लोकांचे अभिप्राय वाचा, आणि तेही शेवटच्या दोन-तीन महिन्यांतले. त्यातही "जेवण छान" हे सोडून द्या. बाथरूममध्ये पाय घसरला का, शेजारी बांधकाम चालू आहे का, रात्री लग्नाच्या वरातीचा आवाज येतो का, एवढंच शोधा.

हिशेब

आता पैशांचं. खोलीचे दर रोज बदलतात, अगदी भाजीसारखे. नाताळ-नवं वर्ष आणि लग्नसराईत चढे, पावसाळ्यात उतरलेले. मोठ्या चार हॉटेलांतली खोली सहसा दहा हजारांच्या पुढेच असते, पण मी नेमका आकडा लिहीत नाही, तो उद्या बदलेल. कराचा हिशेब मात्र पक्का समजून घ्या.

खोलीचं एका दिवसाचं भाडं साडेसात हजारांपर्यंत असेल, तर २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यावर ५ टक्के जीएसटी आहे. त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते, आणि ७,६०० ची ८,९६८ ला. शंभर रुपयांच्या फरकापायी जवळजवळ अकराशे रुपये जास्त! साधारण चांगलं हॉटेल घेणाऱ्यांनी ही रेघ लक्षात ठेवावी. बड्या हॉटेलात जेवणाच्या बिलावरही १८ टक्के लागतो, बाहेरच्या उपाहारगृहात ५.

आता समजा, पाकिटात ४०,००० आहेत. १५,००० ची खोली दोन रात्री घेतली तर करासह ३५,४०० झाले. उरले ४,६००. त्यात जेवणं, टॅक्सी आणि वन्संचा चहा बसत नाही, मग आपण भूक नाही म्हणतो आणि खोलीत लपून चकल्या खातो. त्याऐवजी एकच रात्र घ्या, पण १८,००० ची, चांगल्या खिडकीची आणि न्याहारीसकट. करासह २१,२४० झाले, हातात १८,७६० उरले. दोन कंजूष रात्रींपेक्षा एक मोकळी रात्र बरी.

इथे कुणाच्या मनात येईल, एका रात्रीत वीस हजार? त्यात नवं कपाट झालं असतं. झालं असतं. आणि त्या कपाटात पुन्हा सगळ्यांचे कपडे तुम्हीच घड्या घालून ठेवले असते! मुलांनी ज्यासाठी पैसे दिले त्यासाठीच ते वापरा. संसारात जिरवलेल्या भेटीचा त्यांनाही आनंद होत नाही. मात्र कर्ज काढून, हप्ता लावून ही हौस करू नये. तेवढी ऐपत नसेल तर सी लाउंजचा चहा आणि मरीन ड्राइव्हचा फेरफटका, यातही अर्धा आनंद हाती येतो. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरंच, पण अंथरूण असताना पाय पोटाशी घेऊन बसू नये, एवढंच माझं म्हणणं.

फोनवर विचारायचे प्रश्न

मोबाइलवर दर बघा, पण पैसे भरण्याआधी हॉटेलला एक फोन कराच. फोन नंबर हॉटेलच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या. शोधताना वर येणारा कुठलाही नंबर लावू नका, हॉटेलच्या नावानं फसवणारे पुष्कळ आहेत. फोनवर ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही. मराठीत बोललात तरी चालतं, मुंबईतच आहे ते! हे प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा:

दर करासह किती? न्याहारी दोघांची धरली आहे का, आणि ती किती वाजेपर्यंत असते?

बेत रद्द झाला तर पैसे परत मिळतील का, आणि किती दिवस आधी कळवायला हवं? स्वस्तातला दर पुष्कळदा "परतावा नाही" या अटीचा असतो. पावसाळ्यात आपल्याकडे दरड कोसळते, गाड्या अडकतात, तेव्हा तो दर घेऊ नका.

पलंग एक मोठा की दोन वेगळे? बाथरूममध्ये टब आहे की उभ्यानं अंघोळ करायची जागा? गुडघे दुखत असतील तर टब नकोच, त्यात पाय उचलून जाणं जिवावर येतं. धरायला दांडी आहे का, तेही विचारा.

दुसऱ्या दिवशी खोली तास-दोन तास उशिरा सोडली तर चालेल का? खोली रिकामी असली तर पुष्कळदा तसंच देतात, पण मागावं लागतं. आणि हो, लग्नाचा वाढदिवस आहे हे सांगायला लाजू नका. बहुधा केक नाहीतर फुलं येतात.

दारात आणि आत

दारात सामान यंत्रातून जातं, आपल्यालाही चौकटीतून जावं लागतं. २००८ नंतर हे सगळीकडे आहे, मंत्र्यालाही आणि तुम्हालाही. तो अपमान नव्हे. ओळखपत्र दोघांचंही लागतं. आधार, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना किंवा पारपत्र चालतं. पॅन कार्डावर पत्ता नसतो, म्हणून ते बहुधा घेत नाहीत. आधारची प्रत द्यायची तर पहिले आठ आकडे झाकलेलं आधार काढून घ्या.

खोलीच्या भाड्याशिवाय काही रक्कम अनामत म्हणून मागतात. ती निघताना हिशेब करून परत मिळते, कार्डावरची परत यायला काही दिवस लागतात. यजमानांना आधीच सांगून ठेवा, म्हणजे काउंटरवर आवाज चढणार नाही.

खोलीत चहाची किटली, पुड्या आणि पाण्याच्या दोन बाटल्या बहुधा दरातच असतात. छोट्या फ्रिजमधल्या वस्तूंचे मात्र पैसे पडतात, आणि ते कितीतरी पट. कपडे धुवायला टाकण्याआधी दरपत्रक वाचा. साबण, शाम्पूच्या इवल्या बाटल्या आणि कापडी सपाता घरी नेल्या तर चालतं. अंगावर घ्यायचा तो जाड पांढरा झगा मात्र नेता येत नाही!

कपड्यांची चिंता नको. स्वच्छ सुती साडी, इस्त्री केलेली, आणि पायात न करकरणारी चप्पल, एवढं कुठेही शोभतं. नवी साडी, नवी पर्स, नवी चप्पल घेत बसलात तर पाकीट दाराशी पोचण्याआधीच निम्मं होईल. काटे-चमचे जमत नसतील तर हातानं जेवा. वाटीतल्या गरम पाण्यात लिंबू घालून देतात, ते हात धुवायला असतं. कळलं नाही तर वाढणाऱ्याला विचारा. त्यांना विचारलेलं आवडतं, आणि त्यातला एखादा आपल्याच गावाकडचा निघतो.

बक्षिसी खुशीची असते. बिलात "सेवा शुल्क" लावलेलं दिसलं आणि तुम्हाला द्यायचं नसेल तर काढायला सांगा. ४ जुलै २०२२ च्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ते सक्तीनं लावता येत नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या सूचना उचलून धरल्या. ऐकलं नाहीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. कर मात्र द्यावाच लागतो, त्यावर घासाघीस नको.

आणि शेवटचं, पण सगळ्यांत अवघड. सकाळी उठून पलंग आवरू नका. चादरीच्या घड्या घालू नका, टॉवेल वाळत टाकू नका, कप विसळू नका. हात शिवशिवतील. यजमान जागे होण्याआधी उठून त्यांच्यासाठी चहा करायला किटलीकडे हात जाईल. त्या एका सकाळी त्यांना म्हणा, "आज तुम्ही करा." पुडी फाडून गरम पाण्यात बुडवायची आहे, पाळ्या करणाऱ्या माणसाला जड नाही ते.

दुपारी बाराला खोली सोडली तरी सामान हॉटेलातच ठेवता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. वन्संबरोबरचा चहा होईपर्यंत, आणि नंतर म्युझियम किंवा मरीन ड्राइव्ह बघून रात्रीच्या गाडीला निघेपर्यंत, हात मोकळे ठेवून फिरा. घारापुरीच्या लेण्यांचा बेत असेल तर सोमवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात.

पुढच्या वेळी, पावसाळ्याआधी मसाले आणि कडधान्यं कशी साठवावीत ते पाहू. तुमची पत्रं येऊ द्या.